किल्टच्या निऱ्या : एका टाक्याचा इतिहास

आज आपण एका वस्त्राच्या मागच्या बाजूचा इतिहास पाहणार आहोत. स्कॉटलंडचा किल्ट आपण सगळ्यांनी चित्रांत, सिनेमांत, बॅगपाइप वाजवणाऱ्या बँडमध्ये पाहिलेला असतो. चौकडीचं लोकरी कापड, गुडघ्यापर्यंतची लांबी, पुढे लटकणारी चामडी थैली. पण या सगळ्यात आपली नजर पुढच्या बाजूवर असते, आणि तिथं कापड अगदी सपाट असतं. सगळं काम मागे असतं. मागे पंचवीस-तीस निऱ्या एकीवर एक चढलेल्या असतात. कंबरेपासून नितंबापर्यंत त्या हातानं टाके घालून पक्क्या केलेल्या असतात आणि त्याखाली मोकळ्या सोडलेल्या असतात.

हे टाके सुरुवातीपासून तिथं नव्हते. जवळजवळ दोनशे वर्षं हे वस्त्र निऱ्यांना एकही टाका न घालता नेसलं जात होतं. मग टाका कधी आला, कुणामुळे आला, आणि तो आल्यानं काय बदललं? प्रश्न शिंप्याच्या दुकानातला वाटतो, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. परंपरा म्हणजे नक्की काय, आणि ती कुणाच्या हातात असते?

आधी शब्दांचं बघू. मराठीत आपण साडीच्या, धोतराच्या ‘निऱ्या’ म्हणतो आणि शिंप्याकडे गेलो की ‘प्लेट’ म्हणतो. आज आपण हा फरक मुद्दाम पाळू. नेसताना हातानं घातली जाते आणि सोडल्यावर नाहीशी होते ती निरी. टाका घालून कायमची केली जाते ती प्लेट. किल्टचा इतिहास हा निरीची प्लेट होण्याचा इतिहास आहे. ‘किल्ट’ हा शब्दही मुळात वस्त्राचं नाव नव्हता, ते क्रियापद होतं. उत्तर युरोपातल्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेलं, आणि अर्थ काय? अंगाभोवतीचं कापड वर घेऊन खोचणं. ‘पदर खोचला’, ‘ओचा खोचला’ असं आपण म्हणतो, तेच. म्हणजे ज्याला आज आपण वस्तू समजतो, ते मुळात एक कृत्य होतं.

आता इतिहास. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९४ साली, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवरचे भाडोत्री सैनिक आयर्लंडमध्ये ह्यू ओ’डॉनेल या सरदाराच्या मदतीला गेले. ओ’डॉनेलच्या आयरिश भाषेतल्या चरित्रात त्यांच्या पोशाखाचं वर्णन येतं. अनेक रंगांचं मोठं पांघरूण, आणि त्यावरून कंबरेला बांधलेला पट्टा. कंबरपट्ट्यानं आवळलेल्या या वस्त्राचा हा पहिला स्पष्ट उल्लेख मानला जातो. गेलिक भाषेत त्याला पुढे ‘फेला मोर’ म्हणजे मोठा किल्ट असं नाव पडलं.

हे कापड कसं होतं? हातमागावर विणकर धोटा एका हातानं फेकतो आणि दुसऱ्या हातानं झेलतो, त्यामुळे कापडाचा पन्हा हातांच्या पल्ल्याइतकाच होतो, साधारण पंचवीस ते तीस इंच. एवढ्यात गडी माणूस झाकला जात नाही. म्हणून दोन पट्टे लांबीत एकमेकांना जोडून दुप्पट पन्ह्याचं, चार-पाच वार लांबीचं कापड करत. एवढी एकच शिवण. बाकी सगळं नेसण्यावर. सांगितली जाते ती पद्धत अशी : जमिनीवर पट्टा ठेवायचा, त्यावर कापड अंथरायचं, मधल्या भागाला हातानं निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं व्हायचं, दोन्ही टोकं पुढे घेऊन पट्टा आवळायचा आणि उठायचं. खालचा भाग गुडघ्यापर्यंत घागऱ्यासारखा राहायचा. वरचा भाग खांद्यावर घ्यायचा, पावसात डोक्यावर ओढायचा. रात्री पट्टा सोडला की त्याच कापडाची घोंगडी होई.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. या वस्त्राला ‘माप’ नाही. बापाचं कापड मुलाला होतं, जाड माणसाचं बारीक माणसाला होतं. निऱ्या किती, केवढ्या, सैल की घट्ट, हे रोज सकाळी नेसणारा ठरवतो. वस्त्राचं ज्ञान नेसणाऱ्याच्या बोटांत आहे. धोतर किंवा नऊवारी नेसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग अठराव्या शतकात एक बदल दिसतो. वरचा भाग गळून पडतो आणि फक्त कंबरेखालचा भाग राहतो. याला म्हणतात ‘फेला बेग’, छोटा किल्ट. तो कुणी काढला, यावर मोठा वाद आहे. १७८५ मध्ये एडिंबरामधल्या एका नियतकालिकात एक पत्र छापलं गेलं. त्यात असं होतं की टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज क्वेकर कारखानदारानं हे केलं. त्यानं १७२० च्या दशकात हायलँड्समधल्या इन्व्हरगॅरी इथं लोखंड गाळण्याची भट्टी काढली होती. मजुरांना ते अवजड कापड अंगावर घेऊन काम करणं अवघड जात होतं, म्हणून त्यानं शिंप्याकडून खालचा भाग वेगळा करवून घेतला. १९८३ मध्ये हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या पुस्तकात ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकारानं ही गोष्ट ठळकपणे मांडली. त्याचा रोख उघड होता. ज्याला स्कॉटिश लोक आपली प्राचीन परंपरा म्हणतात, ती एका इंग्रज कारखानदाराची सोय आहे!

या गोष्टीनं स्कॉटलंडमध्ये अनेकांना राग आला, ते स्वाभाविक आहे. पण रागापेक्षा कापडाकडे बघितलं तर काय दिसतं? मोठा किल्ट मुळात दोन पट्टे जोडूनच केलेला होता. मधली शिवण उसवली, किंवा दुसरा पट्टा जोडलाच नाही, की खालचा पट्टा म्हणजे छोटा किल्टच. यासाठी शोध लावावा लागत नाही. ज्याला दुसरा पट्टा घेणं परवडत नाही, किंवा ज्याला वरचा भाग अडचणीचा होतो, तो कुणीही हे करू शकतो, आणि एकाच वेळी अनेकांनी केलंही असेल. शिवाय इन्व्हरगॅरीनंतर वीसच वर्षांत, १७४६ च्या कायद्यात, छोट्या किल्टचं नाव स्वतंत्रपणे आलेलं आहे. कायदा एखाद्या वस्त्राचं नाव घेऊन बंदी घालतो, तेव्हा ते बऱ्याच लोकांच्या अंगावर असतं.

तो कायदा कसला? १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडखोरांचा पराभव झाला. त्यानंतर लंडनच्या संसदेनं हायलँड्समधला जुना पोशाखच बेकायदा ठरवला. प्लॅड, छोटा किल्ट, खांद्याचे पट्टे, सगळं. १७४७ च्या ऑगस्टपासून अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्या गुन्ह्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. आणि यात एक सवलत होती, तीच आपल्या विषयाची किल्ली आहे. राजाच्या सैन्यातल्या शिपायांना हा कायदा लागू नव्हता.

म्हणजे काय झालं बघा. सुमारे पस्तीस वर्षं, १७८२ पर्यंत, सामान्य शेतकऱ्यानं, गुराख्यानं किल्ट नेसायचा नाही, आणि त्याच्याच भावानं पलटणीत भरती होऊन नेसायचा. पस्तीस वर्षं म्हणजे एक पिढी. रोज सकाळी बोटांनी निऱ्या घालण्याची सवय बापाकडून मुलाकडे जाते, ती या काळात तुटली. लंडनच्या हायलँड सोसायटीसारख्या संस्थांच्या प्रयत्नांनी १७८२ मध्ये बंदी उठली, पण सामान्य माणूस तोवर विजार आणि कोटाला सरावला होता. किल्ट परत आला तो दोन वाटांनी : पलटणीच्या गणवेशातून आणि सरदार-धनिकांच्या हौशीतून. आणि तो परत आला तेव्हा त्याला टाका घातलेला होता.

आज हाती असलेले, प्लेट्स शिवलेले सर्वांत जुने किल्ट १७९० च्या दशकातले आहेत. हा योगायोग नाही, असं आपलं म्हणणं आहे. हायलँड पलटणी तेव्हा भराभर उभ्या राहत होत्या. गॉर्डन हायलँडर्स ही १७९४ मधली. (या पलटणी आपल्याकडेही येऊन गेल्या आहेत. १८०३ मध्ये असईला वेलस्लीच्या फौजेत ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँड पलटणी होत्या.) आता पलटणीची गरज काय असते? शेकडो माणसं पहाटे अंधारात काही मिनिटांत तयार व्हायला हवीत आणि रांगेत सगळी सारखी दिसायला हवीत. प्रत्येकानं आपापल्या मनानं निऱ्या घातल्या तर रांग कशी सारखी दिसणार? म्हणून निऱ्या एकदाच घालायच्या आणि शिवून टाकायच्या. शिपायानं फक्त कंबरेभोवती गुंडाळायचं आणि बांधायचं.

हे सुरुवातीचे शिवलेले किल्ट साधे होते. साधारण चार वार कापड, आणि रुंद ‘बॉक्स प्लेट’, म्हणजे घडीच्या दोन्ही कडा मागे वळवलेल्या आणि मध्ये सपाट पट्टी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गॉर्डन हायलँडर्सनी ‘नाइफ प्लेट’ घेतली. सगळ्या घड्या एकाच दिशेला, पत्त्यांच्या पंख्यासारख्या. ही घडी अरुंद असते, खोल असते, तिला कापड जास्त लागतं. शतकभरात किल्टचं कापड चार वारांवरून पाचावर, पुढे सात-आठ वारांवर गेलं. आज पूर्ण किल्ट म्हणजे आठ वार. नऊवारीच्या जवळचा आकडा आहे. नातं काही नाही, पण वाराचं माप मात्र तेच, म्हणून अंदाज करायला सोपं.

आता प्रत्यक्ष शिवण. किल्टचं कापड जाड असतं, वारी तेरा ते सोळा औंसांचं लोकरी टार्टन. आजच्या मागावर ते ५४ ते ६० इंच पन्ह्याचं निघतं. किल्टची उंची असते सुमारे २४ इंच. म्हणून चार वार कापड घेऊन लांबीत मधोमध फाडतात आणि दोन तुकडे जोडून आठ वार करतात. जोड एखाद्या प्लेटच्या पोटात लपवतात. कापडाचा विणलेला काठ खाली येईल असं धरतात. म्हणून चांगल्या किल्टला खाली दुमड नसते. दुमडलं तर तिथं जाडी येईल आणि चालताना प्लेट झुलणार नाही.

पुढे दोन सपाट भाग असतात, एकावर एक येणारे. त्यांना एप्रन म्हणतात. आतला डावीकडे जातो, बाहेरचा उजवीकडे बांधतात. उरलेलं सगळं कापड मागे प्लेट्समध्ये जातं. हिशेब करून बघू, म्हणजे कारागिराची अडचण कळेल. समजा, गिऱ्हाइकाचा नितंबाचा घेर ४० इंच आहे आणि कंबर ३४. मागचा निम्मा भाग प्लेट्सचा धरू, म्हणजे नितंबावर २० इंच, कंबरेवर १७ इंच. आठ वार म्हणजे २८८ इंच. टार्टनच्या चौकडीचं एक पूर्ण आवर्तन, समजा, ८ इंचांचं आहे आणि आपण २६ प्लेट्स घालतो आहोत. दर प्लेटला एक आवर्तन, म्हणजे २६ गुणिले ८, २०८ इंच मागे गेले. उरले ८० इंच, ते दोन एप्रन आणि बाजूच्या खोल घड्यांसाठी.

आता प्रत्येक प्लेटचा दिसणारा भाग नितंबावर २० भागिले २६, म्हणजे साधारण साडेएकोणीस मिलिमीटर. कंबरेवर १७ भागिले २६, म्हणजे साधारण साडेसोळा. प्रत्येक प्लेट वर जाताना फक्त तीन मिलिमीटरनं निमुळती व्हायला हवी, तीही दोन्ही बाजूंनी सारखी, नाहीतर मधली उभी रेघ तिरकी होते. आणि दर प्लेटला एकच मिलिमीटर चुकलं तर? २६ मिलिमीटर, म्हणजे पुरा एक इंच. किल्ट बसणारच नाही. एकेका प्लेटमध्ये न दिसणारी चूक सगळ्या प्लेट्समध्ये मिळून दिसते.

शिवताना प्रत्येक घडीची कड शेजारच्या प्लेटवर ठेवून वरच्या बाजूनं बारीक टाके घालतात, अगदी कडेला, दिसणार नाहीत असे. रेघेचा रंग बदलला की दोराही बदलतात. हिरव्यावर हिरवा, निळ्यावर निळा. आडव्या रेघा एका प्लेटवरून दुसरीवर सरळ जायला हव्यात. एका धाग्याचा फरक पडला तरी पायरी दिसते. शिवलेला हा भाग किल्टच्या उंचीच्या साधारण एक-तृतीयांश असतो. त्याखाली टाका नाही. तिथं फक्त कच्चे टाके घालून प्लेट्स धरून ठेवतात, वाफेची इस्त्री करतात आणि शेवटी ते काढून टाकतात.

खरी बळकटी आतून येते. प्लेट्सच्या मागच्या थरांवरून टाक्यांची एक आडवी ओळ घालतात, म्हणजे आठ वार लोकरीचा भार वरच्या बारीक टाक्यांवर पडत नाही. त्यावरचं जादा कापड कापून काढतात, नाहीतर कंबरेवर उशी बांधल्यासारखं दिसेल. मग कॅनव्हासचा आधार, वर सुती अस्तर, कंबरपट्टी, चामड्याचे पट्टे आणि बकलं. हातानं शिवायला कसलेल्या कारागिराला काही दिवस लागतात.

प्लेट्स घालायच्या दोन रीती आहेत. एक पलटणीची : दर प्लेटच्या मधोमध तीच एक रेघ आणायची. गॉर्डन हायलँडर्सच्या टार्टनमध्ये पिवळी रेघ आहे, ती मागे ओळीनं उभी राहते. माणूस चालला की प्लेट्स उघडतात आणि आतले रंग चमकून जातात. यासाठी दर प्लेटला बरोबर एक आवर्तन लागतं. दुसरी रीत नागरी किल्टची : प्लेट्स अशा घालायच्या की मागेही पूर्ण चौकडी जशीच्या तशी दिसावी, जणू कापडाला घडीच नाही. तेव्हा दर प्लेटला एक आवर्तन आणि वर दिसणाऱ्या पट्टीइतकं कापड द्यावं लागतं, म्हणजे पुढची पट्टी जिथं मागची संपली तिथूनच सुरू होते. पहिल्या रीतीत घडी मिरवली जाते आणि दुसरीत लपवली जाते, पण दोन्हींत एकच गोष्ट पक्की आहे : नेसणाऱ्याला आता ठरवायला काही उरलं नाही. सगळे निर्णय शिवणाऱ्यानं आधीच घेतलेले असतात.

याची किंमतही मोजावी लागली. पहिल्या महायुद्धात हायलँड पलटणी किल्ट घालून खंदकात उतरल्या. चिखल प्लेट्समध्ये भरे, थंडीत गोठे आणि कडा मांड्यांना कापत. उवा शिवलेल्या घड्यांच्या आत घर करत. मोठा किल्ट असता तर सोडून, झटकून, वाळवता आला असता. शिवलेली घडी अशी उकलता येत नाही. १९४० नंतर किल्ट युद्धभूमीवरून गेला तो गेलाच. राहिला तो संचलनात आणि समारंभात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘ही परंपरा खरी की बनवलेली?’ ट्रेव्हर-रोपरचा प्रश्न हा जन्मतारखेचा प्रश्न आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरामध्ये आला, वॉल्टर स्कॉटनं सोहळा आखला, राजानं किल्ट घातला आणि तो सगळ्या स्कॉटलंडचा पोशाख झाला. त्यात बनवलेलं पुष्कळ होतं, हे मान्यच. पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना गिल्बर्ट राइलनं केलेला एक भेद इथं जास्त उपयोगी वाटतो : ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’. जन्मतारखा, कुळांची नावं, कोणत्या कुळाचं टार्टन कोणतं, हे पहिल्या प्रकारचं ज्ञान आहे, आणि ते खोटं पाडता येतं. निरी घालणं आणि प्लेट शिवणं हे दुसऱ्या प्रकारचं आहे. ते खरं-खोटं नसतं. ते एकतर येतं किंवा येत नाही, आणि एक पिढी चुकली की जातं.

म्हणून किल्टचा इतिहास आपण असा वाचू. १७४६ च्या कायद्यानं कापडावर बंदी घातली, पण नुकसान झालं ते बोटांतल्या ज्ञानाचं. पलटणीनं वस्त्र वाचवलं, आणि वाचवता वाचवता ते ज्ञान नेसणाऱ्याकडून काढून शिंप्याकडे दिलं. यात खलनायक कुणी नाही. पण काही मिळालं तेव्हा काही गेलं, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. आपल्याकडे आज शिवलेली नऊवारी मिळते. लावणीच्या कार्यक्रमात, लग्नात, शोभायात्रेत मुली ती पाच मिनिटांत चढवतात. नाकं मुरडण्याचं कारण नाही. ती मिळते म्हणून कितीतरी जणी नऊवारी घालतात. पण तिचा कासोटा शिंप्यानं घातलेला असतो. ज्या आजीला तो घालता येत होता तिला विचारून ठेवायला हरकत नाही.

आणि गोष्ट इथं संपत नाही, कारण शिंप्याच्या हातात गेलेलं ज्ञानही सुरक्षित नसतं. आज यंत्रावर शिवलेले, कृत्रिम धाग्याचे स्वस्त किल्ट जगभर विकले जातात. ब्रिटनमध्ये धोक्यात आलेल्या हस्तकलांची जी यादी केली जाते, तीत आता हातानं किल्ट शिवण्याची कला आली आहे. ज्या वस्त्राला सगळं जग ओळखतं, ते शिवणारे हात कमी होताहेत. यात एक आशेची गोष्टही आहे. पूर्वी ही कला उमेदवारी करूनच शिकत. २००१ मध्ये ‘द आर्ट ऑफ किल्टमेकिंग’ हे पुस्तक आलं, त्यात ती पायरीपायरीनं लिहिली गेली. लेखिका दोघी : एल्सी स्ट्यूमायर या व्यवसायानं किल्ट शिवणाऱ्या आणि बार्बरा ट्यूक्सबरी या अमेरिकेतल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक. एकीच्या हातात कला होती, दुसरीला ती मोजून, आखून मांडता आली. पुस्तक वाचून टाका येत नाही, हे खरंच. पण शिकवणारं कुणी जवळ नसेल तेव्हा कुठून सुरुवात करायची, एवढं तरी कळतं.

पुढच्या वेळी किल्ट दिसला तर मागून बघा. आडव्या रेघा सरळ जातात का? उभी रेघ दर प्लेटच्या मध्यावर आहे का? खाली काठ आहे की दुमड? एवढ्या तीन गोष्टींवरून तो कुणी आणि कसा शिवला हे बरंचसं कळेल. स्कॉटलंड किती प्राचीन, या वादापेक्षा तिथं जास्त इतिहास आहे, असं आम्हाला वाटतं.

इथं थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.